'येऊ दे, येऊ दे' म्हणणारा माणूस

खंडेनवमीला कर्जत-खालापूरकडच्या डंपर-पोकलेनना झेंडूच्या माळा पडल्या, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. पाऊस उघडला की इथली मातीकामं जोर धरतात. पनवेल-कर्जत नव्या लोहमार्गावरचा वावर्ले बोगदा 2,625 मीटरचा, खोपोली ते कुसगाव ही द्रुतगती मार्गाची नवी वाट 13.3 किलोमीटरची; शिवाय गावोगावचे बंगले, गृहसंकुलं. या साऱ्याचा मुरूम, खडी, वाळू डंपरच वाहत आला आहे. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भातकापणी चालू असेल. ती आटोपली की वाड्यांवरली कातकरी-ठाकर माणसं कुणी वीटभट्टीवर, कुणी साइटवर जातील. त्यांना निरोप देताना एक गोष्ट मनातून जात नाही.

डंपर मागे घेताना कुणीतरी 'येऊ दे, येऊ दे' असं ओरडत असतो. ड्रायव्हर उंचावर, उजवीकडे बसलेला. डाव्या चाकाशी वाकलेला किंवा फाळक्याच्या अगदी मागे उभा माणूस त्याला दिसत नाही. ते या ओरडणाऱ्याने बघायचं. भरावाची कड वजन पेलेल का, उचललेली ट्रॉली विजेच्या तारेला लागेल का, हेही त्यानेच. पण तो कोण, हे अनेकदा ठरलेलंच नसतं. क्लीनर चहाला गेला की शेजारचा मजूर घमेलं खाली ठेवून पुढे होतो.

22 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे जालना जिल्ह्यात पासोडीजवळ पुलाच्या कामावरचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये झोपले होते. टिप्परने वाळू त्या शेडवरच ओतली. 5 जण दगावले. ओतण्याआधी कुणी बॅटरी मारून आत पाहिलं असतं तर? 20 ऑगस्ट 2021 ला सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर उलटला. लोखंडी गजांवर मजूर बसलेले होते. त्यात 13 गेले.

बांधकाम मजुरांसाठी 1996 ला कायदा झाला, बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर आहे, कल्याणकारी मंडळ आहे. मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो; दर महिन्याला मुकादम बदलणाऱ्याला तो कोण देणार? आणि अपघातानंतरची मदत मिळाली, तरी ती अपघातानंतरचीच.

माझं मागणं त्याआधीचं आहे. प्रत्येक डंपरमागे एक ठरलेला माणूस हवा: शिट्टी, बॅटरी, चकाकणारं जाकीट आणि हजेरीपटावर त्याच कामाचा पगार. तो हात वर करेल तेव्हा ड्रायव्हरने थांबायचं, मालक घाई करत असला तरी. तुमच्या गावात बंगला किंवा रस्ता होत असेल, तर मुकादमाला त्या माणसाचं नाव विचारा.