प्रतिकारशक्ती कमी नसते, अडवलेली असते

घरात कोणाला कॅन्सर झाल्याचे कळले की भेटायला येणारा प्रत्येक जण एक सल्ला हमखास देतो, ‘प्रतिकारशक्ती वाढवा.’ मग कोणी काढा सांगतो, कोणी महागड्या पावडरीचा डबा आणून देतो. त्यात पैसे तर जातातच. पण त्याहून मोलाचे दोन-तीन महिने हातचे जातात. या सल्ल्यात चूक कुठे आहे, ते आज पाहू.

आपल्या रक्तातील टी-पेशी जंतूंचा व बिघडलेल्या पेशींचा नाश करतात. पण त्या मोकाट सुटल्या तर स्वतःच्याच शरीरावर उलटतात. आमवातात सांधे सुजतात, लहान मुलांच्या मधुमेहात इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट होतात, ते यामुळेच. म्हणून त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी-पेशी निसर्गाने ठेवल्या आहेत. त्यांना नियामक पेशी म्हणतात. जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. या विषयातील कामाबद्दल त्यांना आणि अमेरिकेच्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोर्चात पोलिसांना लाठी आवरायला सांगणारा अधिकारी हवाच. पण गुंडच त्याच्या आडोशाला उभा राहिला तर? अनेक कॅन्सर हेच करतात. गाठ या नियामक पेशींना आपल्याकडे ओढून घेते आणि मारायला आलेल्या पेशी जागीच थबकतात. मारणाऱ्या पेशींवर ‘पीडी-वन’ नावाचा आणखी एक ब्रेक असतो. गाठ तोही दाबून धरते. म्हणजे बळ असते, पण ते अडवलेले असते. काढ्याने किंवा पावडरीने हा अडथळा दूर होऊन कॅन्सर बरा होतो, याला पुरावा नाही.

पीडी-वनचा ब्रेक सोडविणारी औषधे आज आहेत, पण पूर्ण मात्रेचा खर्च लाखांत जातो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी यावर वाट शोधली. तोंड-घशाचा कॅन्सर बळावलेल्या १५१ रुग्णांवर त्यांनी अभ्यास केला. निम्म्या रुग्णांना पोटातून घ्यायच्या नेहमीच्या औषधांबरोबर निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. ही मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून ४३ वर गेले. हे पूर्ण बरे होणे नव्हे. शिवाय ब्रेक सुटल्यावर फुप्फुस, आतडे, थायरॉईड यांना सूज येऊ शकते. म्हणून हे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावेत.

माझे म्हणणे एवढेच, की असे स्वस्त उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी आणि सरकारी योजनेतून मिळाले पाहिजेत. पाथर्डीच्या किंवा जामखेडच्या शेतमजुराला दर तीन आठवड्यांनी मुंबई गाठावी लागू नये.

आणि वाचकहो, आपल्या हातातही पुष्कळ आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखू-चुना आणि मशेरी घरोघर आहेच. ती सोडा. तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर डबा विकत घेऊ नका. डॉक्टरांना तोंड दाखवा.