+९१ मधला + कुठे गेला?

मंडळी, परदेशात संगणकाची नोकरी करणाऱ्या माणसाला गणपतीत एकच काम मिळतं: "तू ते वेबसाइटचं बघ." इथे सिडनीच्या वायव्येला, केलीव्हिलमध्ये, आमच्या छोट्या गणपतीच्या नावनोंदणीचं पान असंच माझ्या गळ्यात पडलं. पीएचडी झालेला मी! म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

वेबपत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे 'नाव=अमुक&फोन=तमुक' अशी शेपटी असते ना, ती क्वेरी स्ट्रिंग. मी ती जावास्क्रिप्टमध्ये तुकड्याला तुकडा चिकटवून केली. स्वतःचा इथला नंबर घालून पाहिला. चाललं!

ऐनवेळी हॉल बदलला. सगळ्यांना निरोप गेला, फक्त नाशिकहून नुकत्याच आलेल्या कुटुंबाला नाही. त्यांचा नंबर अजून भारतातलाच, +९१ ने सुरू होणारा. फॉर्मच्या जुन्या संकेतानुसार क्वेरी स्ट्रिंगमधला + म्हणजे मोकळी जागा. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तो गिळला आणि नंबर निकामी झाला. ती मंडळी मोदकांचा डबा घेऊन बंद दारासमोर उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, एका चिन्हाने एवढं? हो. नावात & आलं असतं तर पुढचं नावही कापलं गेलं असतं.

उपाय सोपा होता. 'यूआरएलसर्चपॅराम्स' ही सोय ब्राउझरमध्ये कित्येक वर्षं आहे. तिच्याकडे नाव आणि नंबर वेगवेगळे द्यायचे. + चं '%२बी' ती करते, आणि वाचतानाही तिलाच विचारायचं. दोन अक्षरांचं 'पुणे' ती ३६ चिन्हांत बांधून सुखरूप पोचवते: चार युनिकोड चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, दर बाइटला तीन चिन्हं. हाताने करायचंच असेल, तर एकेका नोंदीला 'एनकोडयूआरआयकॉम्पोनंट' लावा; नुसतं 'एनकोडयूआरआय' + आणि & यांना हातही लावत नाही. (फोन नंबर वेबपत्त्यात ठेवूच नये, तो ब्राउझरच्या इतिहासात उरतो. ही माझी दुसरी चूक.)

पण माझ्या मते खरी चूक जावास्क्रिप्टची नव्हतीच. हाताने चिकटवलेली शेपटी चालते, ती चिकटवणाऱ्यासारख्याच माणसांसाठी. मीही कधीतरी +९१ घेऊनच इथे उतरलो होतो. चाचणी करताना मात्र मला जुना झालेला मीच आठवलो, नवा आलेला माणूस नाही.

असो. पुढच्या वर्षी चाचणीतला पहिला नंबर +९१ चाच असेल. मोदक मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनीच घरी आणून दिले. फार गोड लागले नाहीत.