ऑपरेशन नेमकं कोण करणार?

काही आठवड्यांपूर्वी आमच्या घरात दोन दिवस एकच विषय होता. जाऊबाईंच्या गर्भाशयात गाठ निघाली. वय शेहेचाळीस. पाळीत अंगावरून इतकं जातं की हिमोग्लोबिन सातवर आलंय. जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, तर सोनोग्राफीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाका, नाहीतर उद्या कॅन्सर होईल. परवाच या. साठ हजार लागतील." भाऊजी घरात ठेवलेली हळद विकायला निघाले.

पुतण्या म्हणाला, मेडिकल कॉलेजला नेऊ. त्यावर सासूबाई उसळल्या. "तिथं शिकाऊ पोरं हात बसवून घ्यायलेत. आपलं माणूस काय त्यांच्या सरावासाठी हाय का?"

मैत्रिणींनो, सासूबाईंचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आणि आपल्या हिंगोलीकरणींना तर तो आता दारातच येऊन उभा राहिलाय. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा. मोठं दुखणं आलं की कळमनुरी, बाळापूर, वारंगा करत नांदेड गाठायचं, नाहीतर औरंगाबादची घाटी. पण ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचंही होतं. म्हणजे आपलं ओळखीचं 'सिव्हिल' शिकवण्याच्या कामाला जोडलं गेलं. तेव्हापासून बायका बोलायला लागल्या की, आता तिथं पोरंच कापाकापी करणार.

आधी हा गैरसमज काढून टाकते. एमबीबीएस शिकणारी मुलं ऑपरेशन करत नसतात. हिंगोलीची पहिली तुकडी २०२४ ची. साडेचार वर्षं शिक्षण आणि मग एक वर्ष इंटर्नशिप असा हिशेब धरला, तर ती मुलं इंटर्न व्हायलाच २०२९ उजाडेल. आपण ज्यांना शिकाऊ म्हणतो ते निवासी डॉक्टर, आणि ते असतात नांदेडसारख्या जुन्या कॉलेजात. नांदेडचं कॉलेज १९८८ चं. हे निवासी डॉक्टर एमबीबीएस पास झालेले, तीन वर्षं सर्जरीचं किंवा स्त्रीरोगाचं पुढचं शिक्षण घेणारे. त्यांच्यावर सीनियर रेसिडेंट, त्यांच्यावर सहायक प्राध्यापक, आणि वर युनिटचे प्रमुख. टेबलाशी यातले दोघं-तिघं तरी असतात. पण सुरी कोणाच्या हातात आणि कोण नुसतं बघतंय, हे भूल दिलेल्या बाईला कसं कळणार? खरी भीती तिथं आहे.

ही भीती मोठमोठ्या डॉक्टरांनासुद्धा सुटत नाही. पैनगंगेपलीकडे उमरखेडला गावंडे कॉलेज आहे, आपल्याकडच्या कितीतरी मुली तिथं शिकल्या. त्याच गावंडे घराण्यातले, उमरखेडजवळच्या उटी गावाशी नातं सांगणारे डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत नावाजलेले सर्जन आहेत. २००२ साली त्यांचं 'कॉम्प्लिकेशन्स' हे पुस्तक आलं. सर्जन कसा शिकतो, शिकताना त्याच्या चुका कशा होतात, याबद्दल त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलंय. स्वतःच्या घरची गोष्टही सांगितली आहे. त्यांच्या तान्ह्या मुलाला हृदयाचा विकार निघाला. दवाखान्यात त्याची रोजची देखभाल केली ती एका शिकणाऱ्या तरुण डॉक्टरनं. पण पुढच्या तपासण्या कोणाकडे करायच्या म्हटल्यावर गावंडे पतिपत्नींनी अनुभवी, वरिष्ठ डॉक्टर निवडली. नव्या डॉक्टरांना शिकायला मिळालंच पाहिजे असं ठामपणे म्हणणाऱ्या माणसानं आपल्या लेकरासाठी मात्र जाणता हात मागितला, आणि तसं कबूलही केलं. मग आमच्या सासूबाईंचं काय चुकलं?

तरीही मी जाऊबाईंना मेडिकल कॉलेजलाच घेऊन गेले. का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन अशाच एका शिकवण्याच्या दवाखान्यात झालं. नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर सात-आठ मुलं-मुली घेऊन आले आणि एकेकानं माझं पोट दाबून बघितलं. मला कोणी विचारलं नाही, पडदा ओढला नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तो अपमान अजून आठवतो. पण त्याच रात्री मला थंडी वाजून ताप भरला तेव्हा जी मुलगी तीन वेळा उठून आली, रक्त काढून घेऊन गेली, वरच्या डॉक्टरांना फोन लावून औषध बदलून घेतलं, तीही सकाळच्या घोळक्यातलीच होती. शिकाऊच. डोळे तांबारलेले, केस विसकटलेले. माझ्या चुलत बहिणीचं ऑपरेशन मोठ्या नावाच्या सर्जननं केलं, खाजगीत. हात उत्तमच. पण रात्री नऊनंतर तिथं एक नर्स आणि एक वॉचमन. रक्तस्राव सुरू झाला तेव्हा डॉक्टर परगावी लग्नाला गेलेले होते.

ऑपरेशन म्हणजे नुसती सुरी नव्हे, हे मला त्या दोन रात्रींनी शिकवलं. भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग, रात्री दोनला हाकेला धावून येणारं माणूस हे सगळं त्यात येतं. अमेरिकेत २०१७ मध्ये वृद्ध रुग्णांच्या दोन कोटींहून अधिक भरत्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तीस दिवसांत मृत्यू येण्याचं प्रमाण मोठ्या शिकवण्याच्या दवाखान्यांत ८.३ टक्के, तर न शिकवणाऱ्यांत ९.५ टक्के निघालं. तिथलं इथं जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणणार नाही. तिथं एका खाटेवर एकच पेशंट असतो!

आपल्याकडचं दुसरं टोकही आपण पाहिलंय. २०२३ च्या सप्टेंबर संपता-संपता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालकं होती. औषधं आणि माणसं कमी असल्याची चर्चा राज्यभर झाली, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. गरीब माणूस अगदी शेवटच्या घटकेला तिथं पोचतो हे खरं, पण तेवढ्यानं त्या लेकरांच्या आयांचं समाधान होत नाही. सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ असून हातमोजे बाहेरून आणावे लागत असतील, तर त्या ज्ञानाचा उपयोग अर्धाच.

मग निवड कशी करायची? माझं मत सरळ आहे. दुखणं साधं असेल, बाकी तब्येत ठणठणीत असेल आणि गावात ओळखीचा, तेच ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन असेल, तर उगीच नांदेडच्या खेपा घालू नयेत. पण रक्त कमी, शुगर, बीपी, हृदयाचा त्रास, आधीचं सिझर असं काही सोबत असेल, तर ज्या इमारतीत रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळतं तिथंच जावं. रांग सोसावी.

आणखी एक फरक आहे, त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सरकारी डॉक्टरचा पगार तुमची पिशवी काढण्यावर अवलंबून नसतो. बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तेरा हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढल्याचं २०१९ च्या सरकारी समितीपुढं आलं. कितीतरी जणींना हीच कॅन्सरची भीती घातली होती. जाऊबाईंना मेडिकल कॉलेजच्या बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. आधी रक्त वाढवू, नाहीतर भूल द्यायलाच नको. आणि पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासू, मग ठरवू. यात पाच आठवडे आणि चार खेपा गेल्या. एका खेपेला तर युनिटचा वार चुकला म्हणून आम्ही नुसताच वडापाव खाऊन परत आलो. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. गाठ मात्र मोठी आहे, ऑपरेशन लागणारच आहे. पण बीजकोश चांगले असतील तर ठेवायचे, असं ठरलंय. खाजगीत त्याचा उल्लेखसुद्धा झाला नव्हता. चाळिशीत बीजकोश गेले की हाडं लवकर ठिसूळ होतात, हे आम्हाला तिथं कळलं.

यावेळी मी तोंड बंद ठेवलं नाही. ऑपरेशन कोण करणार, वरिष्ठ डॉक्टर टेबलाशी असणार का, रात्री ड्युटीला कोण, सगळं विचारलं. एक निवासी डॉक्टर जरा वैतागला, पण बाईंनी नीट उत्तर दिलं. म्हणाल्या, "मी स्वतः असेन. टाके कदाचित माझी विद्यार्थिनी घालेल, मी बघेन." मला ते पटलं. खोटं बोलल्या असत्या तरी मला कळलं नसतं, तरी त्यांनी खरं सांगितलं. संमतीचा कागद मराठीत समजावून घेतला, मगच जाऊबाईंनी सही केली. विद्यार्थी तपासायला आले तर पडदा ओढा, एका वेळी दोघंच या, आणि पुरुष डॉक्टर असेल तर बाई सोबत हवी, हेही आधीच सांगून ठेवलंय. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्कांच्या सनदेत बाई सोबत असण्याचा हक्क लिहिलेला आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचाही. फुकट उपचार घेतो म्हणून लाजही फुकटात द्यायची नसते.

तारीख मिळाली आहे. दोन बाटल्या रक्तासाठी पुतण्या आणि त्याचा मित्र येणार आहेत. सासूबाई अजून फुगलेल्याच आहेत. पण काल संध्याकाळी सूप घेऊन अंगणात बसल्या असताना हळूच म्हणाल्या, "तिथं रातच्याला डॉक्टर असतोय ना?"

"असतो. जागा असतो," मी म्हटलं.

"मग ठीक हाय," म्हणाल्या, आणि तांदळातले खडे वेचायला लागल्या.