पहिलीपासून इंग्रजी: घाई कशाची करावी, कशाची नाही

प्रवेशाचे दिवस जवळ आले की रायपूरच्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला घराजवळच्या हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत घालायचे, की इंग्रजी माध्यमासाठी अर्ज करायचा? "परकी भाषा लहानपणीच येते, नंतर जड जाते," असे शेजारीपाजारी सांगतात. आपल्यापैकी बहुतेकांसाठी परकी भाषा म्हणजे इंग्रजीच. या सांगण्यात खरे किती आणि सरकारी तरतुदींमधून तुम्हाला काय मिळते, ते पाहू.

थोडक्यात
• लहान वयात दुसरी भाषा कानावर पडण्याचा फायदा खरा आहे.
• भाषा शिकणे वेगळे आणि त्या भाषेतून सगळे विषय शिकणे वेगळे.
• सोडतीत नाव आले नाही म्हणून मुलाची वेळ निघून जात नाही.

हा प्रश्न आताच का?

छत्तीसगढमध्ये 2020 साली स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा सुरू झाल्या. गरीब घरातल्या मुलांसाठी इंग्रजी माध्यमाचे दार सरकारी शाळेतच उघडले. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढली जाते. याच राज्यात 2024 मध्ये प्राथमिक शिक्षण 18 स्थानिक भाषा-बोलींतून देण्याची घोषणाही झाली.

शेजारच्या महाराष्ट्रात 2025 मध्ये वेगळा वाद झाला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ठेवण्याचे शासन निर्णय 16 एप्रिल आणि 17 जूनला निघाले, आणि विरोधानंतर 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले. लहान मुलाने किती भाषा, कोणत्या वयात शिकाव्यात, हाच मुद्दा तिथेही होता.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 काय म्हणते? दोनपासून आठ वर्षांपर्यंत मुले भाषा फार लवकर उचलतात, म्हणून त्यांना सुरुवातीपासून एकापेक्षा जास्त भाषांची ओळख द्यावी. पण शिकवण्याचे माध्यम, शक्य असेल तिथे, किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरची किंवा परिसरातली भाषा असावे. जपानी, जर्मन, फ्रेंच, कोरियन यांसारख्या भाषा माध्यमिक टप्प्यावर शिकता याव्यात, असेही त्यात आहे. म्हणजे इंग्रजीची गाणी, गोष्टी, बोलणे लवकर सुरू होऊ द्या. गणित मात्र मुलाला ज्या भाषेत कळते, त्याच भाषेत शिकू द्या.

लहान वयाचा फायदा किती?

लहान मूल भाषा ऐकून-बोलून उचलते. त्याचे उच्चार चांगले बसतात, चुकायची लाज नसते. पण त्यासाठी ती भाषा रोज, भरपूर कानावर पडावी लागते. आठवड्यातले चार-पाच तास आणि धडा पाठ करून घेणारी शिकवणी, एवढ्यावर ते होत नाही.

1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्सला राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांची पाहणी झाली. पहिल्या काही महिन्यांत तिथली डच भाषा सर्वांत वेगाने शिकली ती 12 ते 15 वर्षांची मुले. तीन ते पाच वर्षांची मुले मागे होती. 2018 मध्ये सुमारे 6.7 लाख लोकांच्या उत्तरांवरून झालेल्या अभ्यासात दिसले, की व्याकरण शिकण्याची ताकद साधारण 17 वर्षांपर्यंत चांगली टिकते. अगदी त्या भाषेच्या माणसासारखी भाषा यायची असेल, तर दहाव्या वर्षाच्या आसपास सुरुवात झालेली बरी. याचा अर्थ प्राथमिक शाळेत ओळख व्हावी, हे योग्यच. पण पहिलीत इंग्रजी माध्यम मिळाले नाही, तर सगळे संपले हे खरे नाही.

मोठेपणीही वाट बंद होत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्यासाठी जर्मन शिकायची होती ती मोठ्या वयाच्या तरुणांनी.

घरची भाषा आड येते का?

आपल्या रायपूरचेच उदाहरण घ्या. हरिनाथ डे (1877–1911) बंगाली घरातले. वडील भूतनाथ डे रायपूरला वकील होते आणि हरिनाथ यांचे बालपण याच शहरात गेले. पुढे त्यांना 34 भाषा येत होत्या, असे सांगतात. 1907 मध्ये ते कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. असा माणूस लाखात एक, शिवाय केंब्रिजपर्यंत शिकण्याची सोय प्रत्येकाला नसते. पण घरात बंगाली आणि बाहेर हिंदी-छत्तीसगढी, ही त्यांच्यासाठी अडचण ठरली नाही.

माधवराव सप्रे मराठी भाषक होते. 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले, आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत आणले. त्यांची मराठी हिंदीच्या कामी आली.

म्हणून शाळेच्या भीतीने घरात मराठी किंवा छत्तीसगढी बोलणे थांबवू नका. आईने मोडक्या इंग्रजीत चार शब्द बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत दहा मिनिटे गोष्ट सांगितली, तर मुलाची शब्दसंपत्ती जास्त वाढते. तीच पुढे इंग्रजी शिकताना उपयोगी पडते.

तुमच्यासाठी तरतुदी

• शिक्षण हक्क कायदा 2009: खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातील 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी.
• याच कायद्याचे कलम 29: शक्य तिथे शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून.
• राज्यघटनेचे कलम 350क: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. छत्तीसगढमधली मराठी कुटुंबे यात येतात.
• निपुण भारत (2021): तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब जमावेत, हे 2026-27 पर्यंतचे उद्दिष्ट.

अर्ज भरण्याआधी शाळेत हे विचारा

1. पहिली-दुसरीला शिकवणारे शिक्षक वर्गात इंग्रजी बोलतात, की फक्त पुस्तक इंग्रजीत आहे?
2. मुलाला कळले नाही, तर हिंदीत किंवा छत्तीसगढीत समजावून सांगतात का?
3. हिंदी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी विषय कोण शिकवते, आणि मुलांना बोलायची संधी मिळते का?
4. शाळा घरापासून किती लांब आहे, आणि रोजचे जाणे-येणे परवडेल का?

मूल आधीच इंग्रजी माध्यमात असेल, तर त्याला आज वर्गात काय शिकवले ते घरच्या भाषेत सांगायला लावा. सांगता आले, तर त्याला समजते आहे. नुसते इंग्रजी शब्द म्हणून दाखवत असेल, तर वर्गशिक्षकांना लवकर भेटा. पालकसभेत हा प्रश्न मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो मांडायला तुम्हाला स्वतःला इंग्रजी यायलाच हवे असे नाही.