विश्लेषण : स्वमग्न मुलांचा संवाद वाढवायचा तर आधी शिकायचे कोणी?

ऑटिझम म्हणजेच स्वमग्नतेविषयी जागृतीसाठी २ एप्रिल हा दिवस जगभर पाळला जातो. फलक लागतात, इमारतींवर निळी रोषणाई होते. पण मंडणगड किंवा राजापूर तालुक्यातील एखाद्या वाडीतले तीन वर्षांचे मूल हाकेला ओ देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर घरच्यांपुढचा प्रश्न अगदी व्यवहाराचा असतो. वाचा-उपचारतज्ज्ञ रत्नागिरीत नाहीतर थेट मुंबई-पुण्यात. दर आठवड्याला जायचे तर अख्खा दिवस एसटीत जातो आणि मजुरी बुडते ती वेगळीच. मग या मुलाने संवाद शिकायचा कुठे? याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यातील अभ्यासात सापडते.

ऑटिझममध्ये नेमके अडते कुठे?

ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतील वेगळेपणा आहे. उशिरा बोलणे हे त्याचे चटकन दिसणारे लक्षण; पण अडचण बोलण्याच्या आधीच सुरू झालेली असते. सव्वा-दीड वर्षाचे मूल विमान दिसले की बोट दाखवते आणि आईकडे वळून पाहते. यात शब्द एकही नसतो, तरी ‘तूही बघ’ हे सांगून झालेले असते. ऑटिझम असलेल्या मुलात ही देवाणघेवाण कमी असते किंवा वेगळ्या रीतीने होते. काही मुलांना जाहिराती तोंडपाठ असतात, मात्र तहान लागली की ती आईचा हात धरून माठाकडे ओढत नेतात.

‘स्वमग्न’ या शब्दामुळे अशा मुलांना कोणी जवळ नकोच असते, असा समज होतो. तो बरोबर नाही. अनेक मुलांना माणसे हवी असतात, पण त्यांचे संकेत आपल्या ओळखीचे नसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या अभ्यासात २ ते ९ वर्षे वयाच्या साधारण शंभर मुलांत एकाला ऑटिझम असल्याचे आढळले. म्हणजे ही मोठ्या शहरांपुरती बाब नाही.

गोव्यात काय केले गेले?

गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी ‘पास’ नावाचा अभ्यास केला. २ ते ९ वर्षांची ६५ मुले त्यात होती. ब्रिटनमधील एक पद्धत इथल्या घरांना मानवेल अशी बदलून घेतली गेली आणि ती शिकवण्याचे काम तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे सोपवले गेले. सहा महिन्यांत, पंधरा दिवसांतून एकदा, तासाभराची १२ सत्रे. त्यात पालक आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण करायचे आणि ते पालकांसोबत बसून पाहायचे. मुलाने इथे तुमच्याकडे पाहिले, तेव्हा तुम्ही काय केलेत? अशा लहान लहान क्षणांवर बोलायचे.

हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आले. पालक मुलाच्या लक्षाशी जुळवून घेऊन प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवादाला अधिक वेळा सुरुवात करू लागली. एकाच गोष्टीवर दोघांनी मिळून लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. तरीही मोठ्यांनी आपली रीत बदलली की मूल पुढाकार घेऊ लागते, आणि ही रीत शिकवायला प्रत्येक गावात तज्ज्ञ असण्याची गरज नसते, एवढे त्यातून दिसले.

घरी काय बदलता येते?

मूल अंगणात शिंपले किंवा फणसाच्या आठळ्या ओळीने मांडत असेल, तर ते हिसकावून ‘हे काय आहे, सांग’ अशी परीक्षा घेण्यापेक्षा त्याच्यासमोर जमिनीवर बसावे. ते ज्याकडे पाहते आहे, त्याविषयीच एक-दोन शब्द बोलावेत : ‘शिंपला’, ‘मोठा शिंपला’. मग थांबावे. मनात पाचपर्यंत मोजावे. हे थांबणेच सर्वांत अवघड जाते, कारण आपण ती जागा लगेच बोलून भरून टाकतो.

मागण्याआधीच सगळे हातात मिळाले तर मागायचे कारण उरत नाही. खाऊचा डबा दिसेल पण उघडणार नाही असा ठेवावा. ‘केळे की चिकू?’ असे दोन्ही समोर धरून विचारावे. मुलाने पाहिले, हात पुढे केला, आवाज काढला, तरी ते उत्तर मानून वस्तू द्यावी. ‘आधी नीट बोल’ हा हट्ट नको; डोळ्यांत बघण्याची सक्तीही नको. आजी, काका, शेजारी अशा सर्वांनी एकाच गोष्टीसाठी एकच शब्द वापरला तर मुलाला सोपे जाते. चाकरमानी वडील मुंबईत असतील तर त्यांनाही व्हिडीओ कॉलवर हेच शब्द वापरता येतील.

बोलणे येत नसेल तर चित्रांचा आधार घ्यावा. आयआयटी मुंबईने विकसित केलेले ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारते आणि ते मराठीतही आहे. चित्रांची सवय लागली की मूल बोलायचेच नाही, या भीतीला संशोधनाचा आधार नाही. घरची मराठी किंवा कोकणी सोडून मुलाशी इंग्रजीतच बोला, या सल्ल्यालाही नाही. जी भाषा घरच्यांच्या तोंडी सहज येते, तीच मुलासाठी सर्वांत चांगली.

सरकारी यंत्रणेत काय मिळू शकते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्यात फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करायची असते. तपासण्याच्या ३० बाबींत ऑटिझमही आहे. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ पासून दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही लागू आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो आला. त्यामुळे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून त्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. रत्नागिरी शहरात बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी आविष्कार संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर आहे, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले.

मग अडते कुठे?

तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली, प्रमाणपत्रही आले. त्यानंतरच्या आठवड्यांचे काय, याचे उत्तर या साखळीत नीट सापडत नाही. संवादाचे कौशल्य एका भेटीत येत नाही. नऊ तालुक्यांच्या, बहुतांश ग्रामीण जिल्ह्यात दर पंधरा दिवसांनी शहर गाठणे बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. शाळेत गेल्यावरही हीच अडचण. विशेष शिक्षकांची पदे निश्चित करून ती भरावीत, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांना दिले. प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे केंद्राचे प्रमाण आहे. ते प्रत्येक तालुक्यात प्रत्यक्ष उतरले का, हे पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी विचारायला हवे.

गोव्याची पद्धत इथे आणायची तर ग्रामीण रुग्णालयात पंधरवड्यातून एक ठरलेला दिवस, तिथे प्रशिक्षित कार्यकर्ता आणि त्याच्या कामावर देखरेख ठेवणारा तज्ज्ञ, एवढे तरी लागेल. चित्रीकरणाला मोबाइल पुरतो. मात्र आशा सेविका किंवा अंगणवाडी ताई यांच्या आधीच्या कामांत हे आणखी एक काम, तेही मानधनाशिवाय घातले, तर योजना कागदावरच राहील.

पालकांनी सावध कुठे राहावे?

सेवा जवळ नसली की फसवे दावे घरापर्यंत पोहोचतात. ऑटिझमसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘पूर्ण बरे करू’ अशी हमी देणाऱ्यांसाठी जमीन विकू नये, कर्जही काढू नये.

वाट कधी पाहू नये?

‘आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात’ असे म्हणत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द येत नसेल किंवा बोट दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात जात असतील, तर थांबू नये. आधी श्रवणक्षमता तपासून घ्यावी, कारण ऐकू न येणाऱ्या मुलातही यातली काही लक्षणे दिसतात. अंगणवाडी ताईंना सांगून बालआरोग्य पथकाकडे नाव नोंदवावे. निदान व्हायला वेळ लागेल, प्रमाणपत्राला त्याहून अधिक. मुलासमोर बसून त्याच्या पुढाकाराची वाट पाहणे मात्र आज संध्याकाळपासूनही सुरू करता येते.