व्याधी किती खोल?

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात त्वचेचे सात थर सांगून त्यांची जाडी व्रीहीच्या अंशांत दिली आणि थराथरांशी व्याधी जोडले. सिध्म पहिल्या अवभासिनीत, तर किलास चौथ्या ताम्रेत. व्याधी किती खोल, हा आपल्या शास्त्राचा जुनाच प्रश्न आहे. गंगाखेडसारख्या ठिकाणी आम्ही त्याचे उत्तर दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांवरूनच देतो.

म्हणूनच प्रकाश व ध्वनी यांच्या संयोगातून प्रतिमा घेणाऱ्या तंत्राकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. लेसरचा क्षणिक झोत रक्तातील हिमोग्लोबिन शोषते, किंचित तापून प्रसरण पावते आणि श्राव्यातीत लहर उमटते. ती पृष्ठभागी येण्यास लागलेल्या वेळेवरून खोली कळते. या परिणामाचे मूळ निरीक्षण ग्रॅहॅम बेल यांचे, १८८० सालचे.

ग्राहकाचा कंप्रतापट्टा जितका रुंद, तितके जवळचे थर वेगळे दिसतात. दहा मेगाहर्ट्झला सुमारे १३५ मायक्रोमीटर, शंभरला त्याचा दशांश. परंतु उच्च कंप्रतेच्या लहरी ऊतींत लवकर क्षीण होतात. सूक्ष्मता वाढली की पोहोच घटते. शिवाय सावळ्या त्वचेतील मेलॅनिन बराच प्रकाश वरच्यावर शोषून घेते. म्हणून आपल्याच रुग्णांवर या तंत्राची पारख व्हावयास हवी.

'हे आमच्या ग्रंथांत होतेच' असा दावा करणे आम्हांस अनुचित वाटते. आयुर्वेद महाविद्यालयांनी भौतिकशास्त्रज्ञांच्या साह्याने लेपचिकित्सेपूर्वी व नंतर कोणत्या थरातील रक्तवाहिन्या बदलल्या, हे तपासावे. औषधनिर्मात्या बंधूंनीही तोवर वेष्टनावर 'खोलवर परिणामकारक' छापण्याचा मोह आवरावा. मोजलेली खोलीच रुग्णाचा विश्वास टिकवील.