वर्गातल्या नऊजणी

हल्ली स्नेहमिलनाचा हंगाम बारमाही झाला आहे. दहावीची बॅच, बारावीची बॅच, डी.एड.ची बॅच. मोबाईलवर ग्रुप निघतो, वर्गणी ठरते, फेटे बांधले जातात, निवृत्त गुरुजींना शाल दिली जाते आणि जेवणात पनीर असते. यात वाईट काही नाही. वऱ्हाडातला माणूस पोटासाठी पुणे, सुरत, नाशिककडे इतका पांगला आहे, की वर्षातून एकदा एकत्र बसून तो जुन्या छड्यांची आठवण काढत असेल तर काढू द्यावी.

आमच्या सातवीच्या वर्गाचाही असा ग्रुप आहे. सभासद सतरा. २०२५च्या दिवाळीत स्नेहमिलनाची तारीख ठरत होती, तेव्हा माझ्या पत्नीने फोनमध्ये डोकावून विचारले, "तुमच्या वर्गात मुली नव्हत्या का?"

होत्या. १९९४ सालचा गटफोटो माझ्याकडे आहे. सव्वीस विद्यार्थी, त्यात नऊ मुली, पुढच्या ओळीत मांडी घालून बसलेल्या. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि कॅमेऱ्याकडे पाहायचे की गुरुजींकडे, या गोंधळात पडलेले चेहरे. ठरले मग. वर्गमित्र एसटीच्या आगारात मेकॅनिक आहे, त्याची जुनी ओम्नी घ्यायची. पुण्याहून सुटीवर आलेला आणखी एक सोबती, मी आणि माझी पत्नी. दोन दिवसांत जमतील तितक्या मैत्रिणींची घरे गाठायची. पत्नीचे सोबत असणे गरजेचे होते. तीन अनोळखी पुरुष दारात उभे राहून "आम्ही तुमच्या सुनेच्या वर्गात होतो" म्हणू लागले, तर आपल्याकडे काय होते, ते वाचकांना सांगायला नको.

खरी अडचण शोधण्याची होती. वर्गमित्र शोधायचा तर त्याचे नाव, बापाचे नाव, आडनाव आहे तेच असते. बहिणींचे तसे नाही. लग्नात आडनाव बदलते, बापाच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि कित्येक घरी तांदळाच्या ताटात पहिले नावही बदलते. मतदार यादी, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, कुठेही फोटोतली मुलगी सापडत नाही. कारकुनी करणाऱ्या माणसाला ही गोष्ट रोज दिसते. शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचे, आणि मध्ये राजपत्रासाठी धावणारी एक बाई. त्यामुळे वाट एकच, माहेर. भावाला विचारायचे, भाऊ नसेल तर माय.

अमरावतीहून निघालो. फ्रेजरपुऱ्याजवळून जाताना मेकॅनिक मित्र म्हणाला, "सरन्यायाधीश अठीच शिकले." भूषण गवई याच भागातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले आणि मे २०२५मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. जुलैमध्ये ते दर्यापूरच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीसाठी आले आणि आपल्या दारापूर गावीही गेले. तेव्हाच्या बातम्या आम्ही सर्वांनी अभिमानाने वाचल्या. मला मात्र त्यांच्या आई कमलताई आठवतात. त्या शिक्षिका होत्या. मुलगा घडला त्या घरात आई शिकलेली होती, हा मुद्दा बातमीत एका ओळीत उरकला जातो.

वलगावला पेढी नदीपाशी गाडी थांबवली. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी येथेच देह ठेवला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करणारा हा आमच्याच जिल्ह्याचा, शेंडगावचा माणूस. पुण्याच्या सोबत्याने पुलावर चहा मागवला. चहा अति गोड होता. तो म्हणाला, "खारपाणपट्टा सुरू व्हायच्या आधी गोड पिऊन घ्या."

दर्यापूरला आमचे गुरुजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. डोळे अधू, पण हजेरीचा क्रम पाठ. फोटो न पाहताच सव्वीस नावे सांगितली, आधी मुले, मग मुली, जशी हजेरी असायची तशी. अठराव्या क्रमांकावर थांबून म्हणाले, "हिचं गणित तुमच्या सतराजणांपेक्षा पक्कं होतं." आम्ही तिघे गप्प. पत्नी खुशीत.

दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधले आमचे गाव. शेजारून शकुंतलेचे रूळ जातात, आता बाभळीत बुडालेले. नव्या वाचकांसाठी सांगतो. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जाणारी ही नॅरोगेज गाडी ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस न्यायला टाकली. तिचे मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४च्या एप्रिलपर्यंत धावले. आमची सातवीची परीक्षा आणि त्या इंजिनाची शेवटची शिटी एकाच महिन्यातली! पुढे डिझेल इंजिन आले, २०१६ साली रुंदीकरणाची घोषणा झाली, आणि आता कित्येक वर्षांपासून रुळांवर गाडीच नाही. कापसासाठी टाकलेल्या त्या रुळांवरून आमच्यासारख्यांची पोरे शिकायला गेली, हे कंपनीच्या हिशेबात नव्हते. मी दर्यापूरच्या हायस्कुलात त्याच गाडीने गेलो. तिकडून वसतिगृह, शिष्यवृत्ती, बी.कॉम. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्याचा कायदा १९९०चा, त्यामुळे आमची पिढी त्या दारातून शिरणाऱ्या पहिल्यांपैकी.

नऊपैकी किती जणी त्या गाडीत बसल्या? दोन.

गावात पहिल्याच घरी भावाने फोटो हातात घेतला, बहिणीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "हे तं नाही आता. नव्व्याण्णव साली गेली. जळाली." लग्नाला दीड वर्ष झाले होते. त्याने फोटो परत दिला नाही, मोबाईलने त्याचा फोटो काढून घेतला तेव्हा दिला. त्याच्याकडे तिचा दुसरा फोटो नव्हता.

अठराव्या क्रमांकाची मूर्तिजापूर तालुक्यात दिली होती. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण ती आशा वर्कर आहे आणि त्या गावात आशाताईचे घर शेंबड्या पोरालाही माहीत. पत्नी आत गेली, मग आम्ही. सासूबाई खाटेवर. "कोनाच्या घरचे तुमी?" अशी चौकशी झाली, गावचे नाव सांगितल्यावर पाणी आले. आता बोलायचे कसे? लहानपणी अरे-तुरे, दगडांनी चिंचा पाडल्या. आज ती "भाऊ, तुमी" म्हणत होती आणि मेकॅनिक मित्र तिला चक्क "मॅडम" म्हणाला. ती हसली तेव्हा कुठे सगळे तुझ्या-माझ्यावर आले.

सातवीनंतर शाळा का सुटली, हे विचारले नाही. तिनेच सांगितले. हायस्कूल बाहेरगावी, परतीच्या गाडीचा भरवसा नाही, अंधार पडायचा. "लोक म्हन्तात गाडीमुळं सुटली. गाडीनं नाही सोडवली भाऊ, घरच्यायनं सोडवली. तुमी त्याच गाडीनं येतच होते ना?" आवाजात राग नव्हता, ती चहात साखर घालत होती.

मग तिने रजिस्टर काढले. गरोदर माता, लसीकरण, बाळांची वजने. अक्षर गुरुजींसारखे. रकान्याखाली बेरीज, बेरजेखाली तपासणीची बेरीज. शेवटच्या पानावर तिच्या मोबदल्याचा हिशेब होता, केलेले काम एका बाजूला आणि पासबुकात जमा झालेली रक्कम दुसऱ्या बाजूला. फरक १,१५० रुपये. एका कार्यालयात ती चार महिने खेपा घालत होती. तिथला बाबू म्हणे, "बाई, तुमच्या हिशेबात चूक असेल." मी बी.कॉम.चा माणूस, दोनदा बेरीज केली. चूक नव्हती. "मले गनित येते," ती म्हणाली, "अजून येते."

तोंडी सांगण्याला कार्यालयात किंमत नसते, हे मी तिला सांगितले आणि येथेही लिहितो. अर्ज दोन प्रतीत करावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. उत्तर आले नाही तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढेच विचारावे. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. तिने अर्ज तिथेच लिहिला. मसुदा मी सांगू लागलो, तर दुसऱ्या ओळीपासून ती माझ्या पुढे गेली.

उठताना फोटो दाखवून विचारले, "बाकीच्या कुठे असतील?" ती आमच्याकडे पाहतच राहिली. "अवं बाई," पत्नीला म्हणाली, "आमी तं दरसाल भेटतो."

अकोल्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्रिकेट क्लबच्या मैदानावर धम्म मेळावा भरतो. जिल्ह्या-जिल्ह्यांतून पांढऱ्या साड्यांनी मैदान भरून जाते. तिथे एका ठरलेल्या जागी या पाच जणी, मोबाईल नव्हते तेव्हापासून, दरसाल जमतात. एक दर्यापूरची, एक अकोटची, एक बोरगाव मंजूची, एक अकोल्याचीच, आणि ही. भाकरी, चटणी, बेसन घरून. कुणाच्या लेकीला कोणते स्थळ नको, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटली, कुणाच्या पोराला वसतिगृह मिळाले नाही म्हणून स्वाधारचा अर्ज कुठे भरायचा, सगळे तिथेच. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून वर्षातून दोन भेटी होतात. आमच्या सतराजणांच्या ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रे येतात.

मूर्तिजापूरहून महामार्गाला लागलो. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम झाला, तोच हा रस्ता. ओम्नी पाण्यासारखी गेली. बोरगाव मंजूची मैत्रीण आधीच फोन गेल्यामुळे रस्त्यावर उभी होती, हातात पिशवी, ती सरळ गाडीत बसली. अकोल्याचीने पोळ्या करून ठेवल्या होत्या. तिच्या यजमानांनी आमच्याकडे जरा संशयाने पाहिले, पण जेवताना त्यांची आणि मेकॅनिकची एसटीवरून गट्टी जमली. त्या गाडीत बसलेल्या दोघींपैकी ही एक. बारावी झाली, पुढे परिचारिकेचा कोर्स केला. दुसरी आज अमरावतीतच राहते, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. तिचा पत्ता मला अकोल्यात मिळाला.

स्नेहमिलनाचा विषय काढला. हॉटेलचा हॉल म्हणताच पाचही नकार आले. तीन समोरून, दोन फोनवरून. "वर्गनी किती?" बोरगाव मंजूचीने विचारले. पाचशे म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग मी नाही येत. तुमीच आमच्याकडं येजा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. भाकर घेऊन येजा पन, आयती नाही भेटनार." ग्रुपवर हे टाकले. सतरापैकी नऊजणांनी हो म्हटले आहे, चारजण हॉलवर अडून आहेत, बाकीचे नेहमीप्रमाणे वाचून गप्प.

एक मैत्रीण सुरतेत आहे, तिच्याशी फोनवर बोलणे झाले. राहिली एक. तिचे माहेर गावातून उठून गेले, घराला कुलूप आहे, भाऊ पुण्याकडे कुठेतरी बांधकामावर. फोटोत ती उजवीकडून दुसरी, डोळे मिटलेली. बोरगाव मंजूची मैत्रीण म्हणते, चार वर्षांपूर्वी मेळाव्याच्या गर्दीत तिला ती दिसल्यासारखी वाटली होती, हाक मारेस्तोवर पुढे गेली.

आशाताईचा अर्ज दाखल झाला. पोचपावतीचा फोटो तिने पाठवला आहे, आवक क्रमांक स्पष्ट दिसतो. तीस दिवस मोजतो आहोत.